आत्या कोणाकडे राहणार?

घटस्फोट घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला एकच सांगितलं, की तुमचं काय, सोपं आहे. मूल नाही, दोघंही कमावते, मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. दोन सह्या केल्या की झालं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तर हे अशा सुरात सांगितलं, जणू मी पासपोर्टची मुदत वाढवून आणायला निघाले आहे. मी मान डोलावली. आमच्या या सोप्या प्रकरणात नवरा बालेवाडीला राहत होता आणि त्याची आई कोथरूडला माझ्याजवळ राहत होती, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी लोणी काळभोरला गेले तेव्हा मी त्यांना 'अहो आई' अशी हाक मारली, तर त्या मागे कोण आलंय म्हणून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, आमच्यात सासूला आत्या म्हनत्यात. तेव्हापासून त्या आत्या. सासरे गेल्यावर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे आल्या आणि बऱ्या झाल्यावरही राहिल्या. राहा असं त्यांना कोणी म्हटलं नाही आणि जाते असं त्याही म्हणाल्या नाहीत. त्याच सुमाराला नवऱ्याला बंगळूरची नोकरी मिळाली. तो आधी दर महिन्याला यायचा, मग जमेल तसा. काही वर्षांनी तो कायमचा पुण्याला परत आला, तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखं आम्हा दोघींना वाटायला लागलं, आणि वाईट हे की त्यालाही तसंच वाटत होतं.

त्याआधी मूल व्हावं म्हणून केलेले उपचार होते. ते थांबवले त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून घरी आलो, जेवलो, टीव्ही लावला, आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही. दोघंही समजूतदार, त्यामुळे कोणी रडलंही नाही. आज मला वाटतं, तेव्हा चार भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. पण नवरा वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो वाईट नव्हता, आजही नाही. त्याला माझ्याशी काय बोलावं ते कळत नसे आणि मला त्याचं ते न कळणं सहन होत नसे. शेवटी त्याने बालेवाडीला जागा भाड्याने घेतली, आणि पुढे कधीतरी त्यानेच फोनवर विचारलं, की हे रीतसर करून टाकूया का. मी म्हटलं, करूया. फोन ठेवल्यावर मी दहावीच्या बॅचला वर्तुळाचं प्रमेय शिकवलं आणि ते नेहमीपेक्षा बरं शिकवलं.

कोर्टात जाण्याआधी एकदा मध्यस्थाकडे जाऊ, असं त्याच्या कचेरीतल्या कोणीतरी सुचवलं. निवृत्त वकीलबाई होत्या, ऑफिस नारायण पेठेत. माझं माहेर त्याच पेठेतलं. आता तिथे माझं कोणी नाही. आईवडील गेले, भावंडं मला नव्हतीच. बाईंनी फोनवर मोजकंच सांगितलं. पहिल्या भेटीत काही ठरवायचं नसतं, एकमेकांचं ऐकायचं असतं. दोघांनीच यायचं, नातेवाईक आणायचे नाहीत. वकील आणायची गरज नाही. आणि वेळेवर यायचं.

हे मी आत्यांना सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मी बी येनार."

त्यांच्या गावाकडे असलं काही निघालं की बैठक बसते. मुलाकडची चार वडीलधारी माणसं एका बाजूला, मुलीकडची चार समोर. बोलायचं ते वडीलधाऱ्यांनी. ज्यांचा संसार मोडतोय त्या दोघांनी खाली मान घालून ऐकायचं. आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं होतं, त्यात बैठकही नव्हती आणि मानपानही नव्हता, ही गोष्ट आत्यांच्या मनात अजून सलत होती. वडीलधाऱ्यांशिवाय जुळवलंत, निदान मोडताना तरी आम्हाला विचारा, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता. मी परत परत सांगितलं, की तिथे तुम्हाला आत घेणार नाहीत. त्या म्हणाल्या, न घेऊ देत, भाइर बसते.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो घाबरला. त्याला वाटलं, आई तिथे सगळ्यांसमोर संसार मोडू नका म्हणून पदर पसरणार. मला त्याची भीती नव्हती. माझी भीती वेगळी होती आणि ती मी कोणालाही सांगितली नव्हती. मला वाटत होतं की आत्या लेकाची आई म्हणून बोलायला येताहेत, आणि बोलून झालं की लेकाबरोबरच बालेवाडीला जातील.

दुसरं काय होणार होतं? त्यांच्या गावात आई लेकाकडे राहते, बस्स. लेकाशी काडीमोड घेतलेल्या सुनेच्या घरी म्हातारी राहते, असं त्यांच्या भावकीत कोणी ऐकलंही नसेल. आणि मला तर त्या हव्या होत्या. हे सरळ लिहून टाकते, कारण तेव्हा मी ते सरळ म्हणू शकले नव्हते. सकाळी त्यांच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने मला जाग यायची. शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या 'जेवलीस का' विचारायच्या, आणि नाही म्हटलं तर भूमिती थांबायची. माझी आई गेल्यावर माझ्यावर कोणी हक्काने ओरडलं असेल तर ते त्यांनीच.

मग विचारायचं होतं त्यांना, असं कोणीही म्हणेल. पण ते आमच्याकडे विचारत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला 'तुम्ही कुठे राहणार' असं विचारलं की त्याचा अर्थ, हे घर तुमचं नाही, तुम्ही दुसरीकडेही राहू शकता. असलं माणसं पाहुण्यांना विचारतात. नवराही त्याच कारणाने गप्प होता. आईला 'माझ्याकडे येतेस का' असं लेकाने विचारायचं म्हणजे ती येणार नाही असंही होऊ शकतं, हे आधीच कबूल करायचं. त्यामुळे तो तिला बोलता बोलता त्याच्या जागेच्या खिडकीबद्दल सांगायचा, आणि मी कोथरूडच्या डॉक्टरांचा गुण किती छान येतो ते सांगायचे. आत्या दोघांचंही ऐकून घ्यायच्या.

त्या दिवशी आम्ही तिघंही त्याच्याच गाडीतून गेलो. पेठेत एक गाडी लावायला जागा मिळायची मारामार, दोन कुठे लावणार, असा आमचा व्यवहारी विचार. आत्या पुढे बसल्या, मी मागे. पार्किंग शोधत तो गल्ल्यांमधून फिरत होता आणि मी मागून सांगत होते, इथून डावीकडे घे, नको, तिकडे वन-वे आहे. तो म्हणाला, आधी सांगायचं ना. मी म्हटलं, पाटी लावली आहे, वाचायची. घटस्फोटाला निघालेलं जोडपं अगदी लग्न झालेल्या जोडप्यासारखं भांडत होतं. आत्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, खाली वह्या-पुस्तकांचं दुकान. आत्या ठेवणीतलं हिरवं नऊवारी लुगडं नेसल्या होत्या. जिना चढताना एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने मी त्यांना धरलं. वकीलबाईंनी दारातच आम्हा तिघांना या अवस्थेत पाहिलं. त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या बाकावरची वर्तमानपत्रं उचलून आत्यांना जागा करून दिली आणि पंखा लावला.

आतलं टेबल गोल होतं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की चहा मिळणार नाही. चहा आला की माणसं गोड बोलायला लागतात आणि मग खरं बोलायचं राहून जातं. मला बाई तिथेच आवडल्या. मग त्यांनी त्यांचं काम काय आणि काय नाही ते समजावून सांगितलं. त्या न्यायाधीश नाहीत, आमच्यापैकी कोणाच्या वकीलही नाहीत. इथे बोललेलं इथेच राहील, कोर्टात कोणी ते पुरावा म्हणून काढू शकणार नाही. कोणालाही कधीही उठून जाता येईल. आज कशावरही सही घ्यायची नाही. पुढे सगळं ठरलं, तर तो मसुदा घेऊन दोघांच्या संमतीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा, आणि तिथला वेळ तिथे लागेलच. कोणाला स्वतंत्रपणे काही सांगायचं असेल तर दुसऱ्याने थोडा वेळ बाहेर बसायचं. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, ते का, ते मला कळलं नाही.

मी तयारी करून गेले होते. 'का' या प्रश्नाची. आमचं का मोडलं, याचं उत्तर मी वर्षभर मनात घोटत होते. त्यात कुठेही कटुता नव्हती, कुठेही खोटं नव्हतं आणि थोडासा विनोदही होता. बाईंनी 'का' विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, का मोडलं ते तुम्हा दोघांना माहीत असेल किंवा नसेल, मला त्याचा उपयोग नाही. मला असं सांगा, हे सगळं पार पडून वर्ष झालं आहे. साधा मंगळवार आहे, सणवार काही नाही. तुमचा दिवस कसा जातोय?

आधी तो बोलला. सकाळी लवकर उठून चालायला जातो, म्हणाला. परत आल्यावर चहा. मग घाईने पुढचं सांगितलं, की चहा आईने केलेला असतो. ती खिडकीत बसलेली असते, खिडकीतून डोंगर दिसतो, तिला आवडेल. कामाला बाई ठेवली आहे, आईला काही करावं लागत नाही. संध्याकाळी तो तिला खाली बागेत घेऊन जातो. सांगताना तो टेबलाकडे बघत होता. इतकं सलग बोलताना मी त्याला कितीतरी वर्षांनी ऐकत होते, आणि त्याच्या त्या मंगळवारात तो एकटा पडू नये म्हणून केवढी धडपड करतोय ते मला ऐकू येत होतं. मला त्याची दया आली.

मग माझी पाळी. मी म्हटलं, भाकरी थापण्याच्या आवाजाने मला जाग येते. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, पहिली बॅच येते, आत्या त्यांना जेवलात का विचारतात. दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसतो, त्या मला गावातल्या न पाहिलेल्या माणसांची कुलंगडी सांगतात. एवढंच. माझ्या मंगळवारात दुसरं काही नव्हतंच.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, की तुमच्या दोघांच्या मंगळवारात एकच बाई आहे, आणि ती दोन ठिकाणी राहू शकणार नाही.

यावर आमचं ते सभ्य प्रकरण एकदम घसरलं. तो म्हणाला, आई माझी आहे, यात चर्चा कसली. मी म्हटलं, आई तुझी होती तेव्हा तिच्या गुडघ्याला शेक कोण देत होतं? तो म्हणाला, तेच तर, तुझ्यावर आता तो भार नको. भार हा शब्द ऐकून माझं डोकंच फिरलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, बाहेर आत्या बसल्या आहेत हेही मी विसरले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "उद्या कागद झाल्यावर तुझं तिच्याशी नातं काय राहणार?"

दुष्टपणे नाही विचारलं त्याने. त्याला खरंच कळत नव्हतं. पण मला लागलं ते लागलंच. अशा नात्याला नाव कायद्यात नव्हतं आणि आत्यांच्या गावातही नव्हतं.

बाईंनी दोघांना थांबवलं. म्हणाल्या, फ्लॅट कोणाला, हे तुम्ही या टेबलावर ठरवू शकता. माणूस कोणाला, हे नाही. त्या काही तुमच्या मसुद्यातलं कलम नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्यांना कोणी विचारलंय का?"

विचारायचं नसतं, हे त्या क्षणी मोठ्याने म्हणायला मला लाज वाटली. त्याचीही तीच गत. बाई म्हणाल्या, माझा नियम दोघांचाच आहे, पण तुम्ही दोघं हो म्हणालात आणि त्यांनाही यायचं असेल, तर मी त्यांना आत बोलावते. तो हो म्हणाला. मीही मान डोलावली. मला वाटलं, आता सगळं संपलंच, निदान लवकर तरी संपू दे.

आत्या आत आल्या. आम्ही दोघंही उभे राहिलो. त्याने आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी टेबलाभोवती एकदा नजर फिरवली आणि वकीलबाईंना विचारलं, "पोरीकडची मानसं कुठं बसत्यात?"

बाई म्हणाल्या, इथे बाजू नसतात, म्हणूनच टेबल गोल आहे, तुम्ही कुठेही बसा. आत्यांना ते पटलं नाही. बैठक म्हटली की दोन बाजू आल्याच, असं त्यांनी बाईंना समजावलं. तो म्हणाला, आई, तू माझ्याकडची, इथे बस.

"तुला चुलते हायेत, भाऊबंद हायेत, घरी गेल्यावं मी बी हाय," आत्या म्हणाल्या. "हिला कोन हाय? आई न्हाई, बाप न्हाई. पोरीकडनं कोन बसलंच न्हाई तर ती बैठक व्हती व्हय? म्हनून आले मी."

आणि त्यांनी ती खुर्ची त्याच्या शेजारून उचलायला घेतली. उचलेना, तेव्हा त्यानेच ती उचलली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली. आत्या बसल्या. मी रडत होते, चांगली हुंदके देऊन, दवाखान्यातून आलो त्या दिवसाचंही सगळं रडणं त्यात होतं. तोही उभ्या उभ्या डोळे पुसत होता.

बाईंनी आम्हाला रडू दिलं. मग आत्यांना सरळ विचारलं, की तुम्हाला कोणाकडे राहायचं आहे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी न विचारलेला तो प्रश्न आत्यांना जराही खटकला नाही. हाय तितंच ऱ्हाते, म्हणाल्या, ही ठिवील तवर. आणि मग लेकाकडे वळून म्हणाल्या, तू आइतवारी येत जा, आईकडं यायला सही लागत न्हाई. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, चालेल का. मी म्हटलं, ये. फोन करून ये.

मला वाटलं, झालं. मी पर्स आवरायला घेतली. पण आत्या पदर सावरून नीट बसल्या होत्या. बैठकीत बोलायला आलेलं माणूस न बोलता कसं उठेल? त्यांनी वकीलबाईंना सांगितलं, की आता मुलीकडून मी बोलते, लिहून घ्या. बाईंनी खरंच पेन उचललं.

"पयली गोष्ट," आत्या म्हणाल्या, "हिला उद्या दुसरं लगीन करायचं झालं, तर आमच्याकडचं कोनी आडवं यायचं न्हाई. मी बी न्हाई."

असं काही माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, आत्या, काहीतरीच काय बोलताय.

"तू गप," आत्या म्हणाल्या. "बैठकीत पोरीनं बोलायचं नसतं."